अर्जाचे शेवटचे वाक्य

परळ, ता. १२ मार्च १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

नमस्कार, विनंती, विशेष वगैरे सगळे तुम्ही मनातल्या मनात घालून घ्या. तीन वर्षांनी लिहितो आहे आणि मायेने नव्हे, रागाने लिहितो आहे. तेव्हा आधी कामाचे.

जानेवारीत भोईवाड्याजवळच्या उंबरवाडीतून एक मराठी अर्ज फोर्टातल्या सरकारी कचेरीत गेला. तो तुमच्याकडे भाषांतराला आला होता काय? आला असणारच. परळ-लालबागचे कागद तुमच्याच मेजावर येतात हे मला ठाऊक आहे. सहा महिने त्या मेजाच्या कडेला बसून मीही टाक झिजवला आहे.

मी याच उंबरवाडीत राहतो. बत्तीस बिऱ्हाडे आहेत, सगळी गिरणीत जाणारी, बहुतेक मालवणाकडची. गल्लीच्या तोंडाशी, म्हणजे नाक्यावर, दारूचा गुत्ता आहे आणि गुत्त्याबाहेर चार-पाच मवाली कायमचे बसलेले असतात. पगाराच्या दिवशी बायका गिरणीतून सुटल्या की हे उठतात. नाक्यावर दिवा नाही. पदराच्या गाठीला हात घालायचा, बाई ओरडली तर मारायचे, आणि अंधारात गुत्त्यात शिरायचे. डिसेंबरात रखमा नावाच्या बाईने गाठ सोडली नाही, तर तिच्या हातावर सोड्याची बाटली फोडली. तिची दोन बोटे अजून सरळ होत नाहीत. ती गिरणीत रिळे भरते आणि तिथे तुटलेला धागा बोटांनीच गाठ मारून जोडावा लागतो. आता तिला निम्मेच काम देतात.

म्हणून वाडीने अर्ज केला. मागणे दोनच गोष्टींचे होते, एक शिपाई आणि एक दिवा. बत्तीस घरे फिरून सहीऐवजीच्या निशाण्या रखमानेच गोळा केल्या. तिची स्वतःची सर्वांत वर आहे. नाव मी लिहिले, पुढे 'निशाणी बांगडी' लिहिले, आणि तिने त्या मोडक्या बोटांनी एक वाटोळी बांगडी काढली.

काल उत्तर आले. एक हवालदार आणि तीन शिपाई सहा महिन्यांसाठी वाडीत ठेवले आहेत. वाचून मी टाळीच वाजवणार होतो. पुढच्या ओळीत असे आहे, की अर्जदारांनी आपण होऊन फेडीचे बंधन पत्करले असल्याने या बंदोबस्ताचा खर्च, रुपये दोनशे सत्तर, रहिवाशांकडून वसूल व्हावा.

अण्णा, कोणी पत्करले बंधन? ज्या बाईला निम्मे काम मिळते तिने? गेल्या ऑगस्टातल्या दंग्यापासून वर्तमानपत्रांत एकच भांडण चालले आहे, की वाढलेल्या पोलिसांचा खर्च सरकारने सोसायचा की शहराने. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि तेवढ्यात उंबरवाडीने आपणच हात वर केला असे कोणाच्या लेखणीतून निघाले? इंग्रजीचे ते वळण मी ओळखतो. शब्दाला शब्द, मात्रेला मात्रा.

ताबडतोब खुलासा कळवावा. आज्ञाधारक म्हणवत नाही, म्हणून नुसता,

रघु


परळ, ता. २० मार्च १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

माझे पत्र परत मिळाले. तांबड्या शाईने अकरा चुका काढल्या आहेत. एके ठिकाणी वेलांटी उलटी केली आहे, एके ठिकाणी 'ताबडतोब' या शब्दाखाली रेघ मारून 'वडील माणसास असे लिहीत नाहीत' असा शेरा आहे. तीन वर्षांनी भावाचे पत्र आले आणि तुम्ही ते तपासलेत. गुण किती दिलेत तेही लिहायचे होते.

पण समासात खाली तुम्ही चार शब्द लिहिले आहेत: 'मूळ अर्ज कोणी लिहिला?'

मी लिहिला. त्याने काय फरक पडतो? मी इथे पोलीस कोर्टाच्या ओसरीवर परवाना घेऊन अर्ज लिहितो. हे तुम्हाला वहिनींकडून कळलेच असेल. लोक मला मास्तर म्हणतात, कारण वाडीत चष्मा फक्त माझ्याकडे आहे. अर्ज चांगला लिहिला होता, अक्षर स्वच्छ होते, भाषा पाहून तुम्हालाही खोट काढता आली नसती. अर्ज लिहिणाऱ्याला प्रश्न कशाला? प्रश्न भाषांतर करणाऱ्याला आहे.

इकडची हकीगत ऐका. शिपाई आले आहेत आणि वाडीतल्या विहिरीपाशी बसतात. पाण्याला बायका आल्या की त्यांनाच विचारतात, कुठे जाता, कोण आले होते, घरात किती माणसे. परवा पगार झाला. नाक्यावर वाडीतल्याच तुळसाचा पदर फाडला, विहिरीपासून वीस पावलांवर. ती ओरडली ते चौघांनीही ऐकले. हवालदार आनंदा म्हणून साताऱ्याकडचा आहे, माणूस वाईट नाही. मी त्याच्यावर तोंड सोडले.

तो म्हणाला, "मास्तर, आमी उठलो हुतो. पर जायाचं कसं? हुकुमात वाडी लिवलीया, नाका न्हाई. नाका दुसऱ्याच्या हद्दीत."

"आणि दुसरा कुठे आहे?"

"त्यो कमी हाय म्हनूनच तर तुमी आमाला मागवलं न्हवं का? तुमच्या खर्चानं?"

 मला गप्प बसवणारा माणूस साताऱ्याहून यावा लागला. दिव्याबद्दल विचारायला गेलो तर शिपायांच्या कचेरीत म्हणाले, दिवा आमच्याकडे नाही. दिव्याच्या कचेरीत म्हणाले, त्या वाडीला पोलीस दिले आहेत, आता दिवा कशाला? तीन दिवस मी या दोन जिन्यांवर चढउतार करतो आहे.

खुलासा अजून आलेला नाही.

रघु


परळ, ता. २ एप्रिल १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

काल रविवार म्हणून परळहून फणसवाडीपर्यंत पायी आलो होतो. तुम्ही पूजेत होता. अकरा वाजता पूजेत होता, बारा वाजता पूजेत होता. इतकी पूजा आपल्या वडिलांनीही कधी केली नाही. वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, आज देव लवकर सोडायचे नाहीत त्यांना. तुम्ही जेवून घ्या."

पान मला ओटीवर वाढले. मी गिरणीवाल्यांच्या वाडीत राहतो, त्यांच्या घरचे पाणी पितो, म्हणून. वहिनींना ते वाढताना वाईट वाटत होते हे दिसले, म्हणून मी दोन वेळा आमटी मागितली. त्या म्हणाल्या, तुमचं पत्र रोज ऑफिसला नेतात आणि परत आणतात. मी म्हटले, मला तर परत पाठवले. तर म्हणाल्या, "ते पाठवलं ते पाठवलंच. आधी नक्कल करून ठेवली स्वतःच्या हाताने. दुसरंही तिथेच आहे, पोथीच्या फडक्यात."

मग त्यांनी तो विषय काढलाच. "तुम्ही त्या दिवशी हसलात त्याचं त्यांना एवढं नव्हतं, भाऊजी. तुमच्यामागे सगळी कचेरी हसली."

अण्णा, त्या दिवशीचे मी विसरलेलो नाही. कोणा बापड्याने अर्जात लिहिले होते, साहेब आमचे मायबाप. तुम्ही इंग्रजीत उतरवलेत, साहेब आमची आई आणि आमचा बाप. आणि मी साहेबाच्या समोर मोठ्याने म्हणालो, की अण्णांनी साहेबांना बाळंत केले. मला विनोद वाटला. तुम्ही सायंकाळी घरी आलात आणि म्हणालात, "लिहिलेल्यापेक्षा कमी-जास्त करणारा माणूस भाषांतर करत नाही, लबाडी करतो. तू दुसरं घर बघ." मी बघितले.

पण मी काल भांडायला आलो नव्हतो. रखमाच्या नावाने नोटीस निघाली आहे. पहिला हप्ता कोणी भरला नाही, भरणार तरी कुठून? तर कागदावर सर्वांत वर जिचे नाव, ती बाई मुख्य अर्जदार, तिच्याकडून आधी वसूल करायचे, असे ठरले. तारीख चोवीस एप्रिल. तोपर्यंत पैसे आले नाहीत तर तिची भांडीकुंडी न्यायची आणि तेवढ्याने भागले नाही तर तिला. तिच्याकडे दोन पातेली, एक हंडा आणि नवऱ्याला गावी पाठवायला घेतलेली एक घोंगडी आहे. नवरा आजारी, मालवणात असतो. बत्तीस घरांचे जिने चढून तिने निशाण्या गोळा केल्या, आता तीच बत्तीस घरे तिला विचारतात, की तू आमच्याकडून काय लिहून घेतलेस?

तुम्ही एक चिठ्ठी लिहिली तर काम होईल. मूळ मराठीचा अर्थ असा नाही, एवढेच लिहायचे. एक ओळ. देवांना सांगून थोडा वेळ काढा.

रघु


परळ, ता. १४ एप्रिल १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

तुमचे उत्तर मिळाले. दोन ओळी आहेत आणि तांबडी शाई नाही, यावरून प्रसंग गंभीर आहे हे समजलो. तुम्ही लिहिता: 'अर्जाच्या शेवटी जे वाक्य आहे, त्याचेच मी भाषांतर केले आहे. ते वाक्य अर्जदारांनी सांगितले होते काय?'

हा प्रश्न तुम्ही महिनाभर विचारता आहात आणि मी महिनाभर दुसरीकडे बघतो आहे. आता लिहितो.

जानेवारीत एका संध्याकाळी रखमा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसली. तुळसा होती, आणखी चौघी होत्या. मी टाक घेतला आणि म्हटले, सांगा. ती म्हणाली, "आमकां एक शिपाय होयो आणि एक दिवो होयो. लिवा."

"आणखी?"

"आणखी कायएक नको."

अण्णा, एवढ्यावर अर्ज होतो का? मला लाज वाटली. बत्तीस घरांचा अर्ज, फोर्टात जाणार, कदाचित तुमच्या मेजावर जाणार, आणि त्यात एक ओळ? मी चार ताव लिहिले. दयासागर घातले, न्यायमूर्ती घातले, अनाथ प्रजा घातली. आणि शेवटी, जिथे सगळे अर्जनवीस 'मेहेरबानी व्हावी' म्हणून थांबतात, तिथे मी एक वाक्य लिहिले: 'या उपकाराची फेड करण्यास आम्ही समस्त रहिवासी जन्मभर बांधलेले राहू.'

खरे सांगू? ते वाक्य मी तुमच्यासाठी लिहिले. ते तुमच्या हातात पडेल आणि तुम्हाला कळेल, की ज्याला तुम्ही घराबाहेर काढलेत तो आता कसले मराठी लिहितो. सरकार माझ्या डोक्यात नव्हते, रखमाही नव्हती. तुम्ही होता.

याहून वाईट पुढे आहे. रखमा म्हणाली, वाचून दाखवा. मी सगळे वाचले, शेवटचे वाक्यही वाचले, जरा सूर लावूनच वाचले. बाकीच्या माना डोलवत होत्या. तिने मान डोलावली नाही.

"मास्तरानु, फेड म्हणजे काय ता?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"पण कसली फेड? शिपाय सरकारचो, दिवो सरकारचो. आमी काय घेतला?"

"अगो, त्याला काही अर्थ नसतो. कर बांगडी."

आणि तिने केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली. ज्या बाईला अक्षर येत नाही तिने तो शब्द बरोबर पकडला होता आणि मी, फणसवाडीतला, आपल्या वडिलांचा मुलगा, तिला म्हणालो की त्याला अर्थ नसतो. तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला हसलो तेही यावरच, नाही का? तुम्ही शब्दाचा अर्थ घेतलात म्हणून.

आता हे सगळे मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगणार आहे. सोमवारी अर्ज देतो. परवाना जाईल, हे मला ठाऊक आहे. अर्जदाराने न सांगितलेले घालायचे नाही, अशी परवान्यावरच अट आहे. मीच ती इतरांना वाचून दाखवत असे. मला वाईट वाटत नाही असे लिहीत होतो, पण ते खोटे आहे. फार वाईट वाटते. ओसरीवरची ती जागा आणि ते हललेले मेज, एवढेच माझे या गावात आहे. पण चोवीस तारखेला रखमाचा हंडा कोणी उचलून नेताना मी चष्मा लावून बघत बसू, हे होणार नाही.

तुम्हाला काही मागत नाही. तुमचे भाषांतर बरोबर होते.

रघु


परळ, ता. २५ एप्रिल १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

परवा कोर्टात तुम्ही समोरून गेलात आणि माझ्याकडे पाहिले नाहीत. पगडी नवी होती. मला वाटले, तुम्हाला बोलावणे आले म्हणून आलात, भाषांतर वाचून दाखवाल आणि जाल. तुम्ही येण्याआधी काय झाले ते सांगतो.

साहेबांनी मला विचारले, हे वाक्य अर्जदारांना वाचून दाखवलेस का? मी म्हटले, हो, आणि या बाईने अर्थ विचारला, मी सांगितले की अर्थ नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे तू सरकारकडे पाठवायच्या कागदांत अर्थ नसलेली वाक्ये लिहितोस?" मी म्हटले, हो साहेब, आम्ही सगळेच लिहितो. लोक हसले. या वेळी हसे माझे होते आणि मला तुमची आठवण झाली. परवाना तिथेच काढून घेतला. शिरस्तेदाराने तो टोचून ठेवलेल्या कागदांत खुपसला तेव्हा कागद फाटल्याचा आवाज मला ऐकू आला.

एवढ्याने रखमा सुटत नव्हती. साहेब म्हणाले, लिहिणारा काहीही म्हणेल, निशाणी तिची आहे, वाक्य स्पष्ट आहे. तेव्हा तुम्हाला पुढे बोलावले. तुमचे भाषांतर मी त्या दिवशी प्रथम ऐकले. अण्णा, त्यात खर्चाचे नावसुद्धा नव्हते. उपकार तो उपकार, फेड ती फेड. खर्च वरच्या कोणीतरी आपल्या सोयीने वाचला होता. तुम्ही तेवढेच म्हटले असते तरी तुमच्यावर काही आले नसते.

साहेबांनी विचारले, "या वाक्याने अर्जदार पैसे देण्याचे कबूल करतात का?"

आणि वीस वर्षे ज्यांनी शब्दाचे एक मापही इकडचे तिकडे केले नाही, ते तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. आमच्या भाषेत ही नुसती सभ्यता आहे. मी ते तसे उतरवायला नको होते. चूक भाषांतराची आहे."

चूक तुमची नव्हती. तुम्हाला ते ठाऊक होते, मला ठाऊक होते. शब्दाला अर्थ असतोच असे तुम्ही मानता, आणि तुम्ही भर कोर्टात म्हणालात की नसतो. ते म्हणताना तुम्ही उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत होता, वडील गेले त्या दिवशी गुंडाळत होता तसे.

तुम्ही लगेच निघून गेलात. मी मागे धावलो तोवर गाडी वळली होती. नोटीस रद्द झाली. रखमाला काय झाले ते समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "ते तुमचे भाव मा? तुमच्यासारखेच दिसतत. पण कमी बोलतत."

रघु


परळ, ता. १९ मे १८९४

तीर्थस्वरूप अण्णांस,

वहिनींचे पत्र आले. वरची जागा या वर्षी तुमचीच होती आणि ती दुसऱ्या गृहस्थांना दिली, ज्यांच्या भाषांतरात चुका निघत नाहीत म्हणे. तुम्ही घरी येऊन ते सांगितलेत, नेहमीसारखे जेवलात आणि ओसरीवर बसलात, असे त्या लिहितात. 'तुमच्यावर रागावलेले नाहीत, पण भेटायला यायची घाई करू नका,' असेही लिहितात. मी घाई करत नाही.

इकडचे ऐका, कारण मला राग कोणावर काढायचा ते कळेनासे झाले आहे. वसुली रद्द झाली, म्हणून शिपाईही उठवले. आनंदा हवालदार जाताना विहिरीवर तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मास्तर, आमी काय कामाचं नव्हतोच. पर आता त्येबी न्हाई." मग मी विचारायला गेलो, की मूळ अर्जाचे काय? एक शिपाई, एक दिवा? तेव्हा कारकुनाने वही उघडून दाखवली. उंबरवाडीचा अर्ज निकालात निघाला आहे. पोलीस मागितले होते, दिले, अर्जदारांच्याच सांगण्यावरून काढून घेतले. आता काही शिल्लक नाही.

मंगळवारी पगार झाला. त्याच नाक्यावर तुळसाला धरले. तिच्या कानातले ओढले, पाळी फाटली. रखमा मध्ये पडली म्हणून तेवढ्यावर निभावले. रखमाच्या चांगल्या हाताला आता पट्टी आहे. चार महिने, चार ताव, दोन कचेऱ्या, एक कोर्ट, तुमची जागा, माझा परवाना, आणि नाक्यावर तोच अंधार आहे. काल गुत्त्यासमोरून जाताना मवाल्यांतला एक म्हणाला, "काय मास्तर, लिव्हा की अर्ज." मी त्याला मारायला हवे होते. मला मारता येत नाही.

आज सकाळी रखमा आली. म्हणाली, "परत लिवा."

मी म्हटले, माझा परवाना गेला. मी आता कोणाचा अर्ज लिहू शकत नाही, लिहिला तर कचेरी घेणार नाही.

"मगे तुमच्या भावाक लिवा. पत्र लिवूक काय परवानो लागता?"

 तेव्हा सोबत एक कागद पाठवतो. हा अर्ज नाही. तुम्ही तो इंग्रजीत उतरवून, तुमच्या हाताने, जिथे द्यायचा तिथे द्यावा. तुम्हाला आता कोणी विचारील की नाही मला माहीत नाही. तरी द्यावा. मजकूर तिचा आहे, मी अक्षर तेवढे दिले आहे. ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. एका ठिकाणी माझा टाक आपोआप पुढे सरकला तर तिने माझे मनगट धरले. पट्टी बांधलेल्या हाताने. मजकूर असा:

'आमकां नाक्यार एक शिपाय होयो आणि एक दिवो होयो. वाडीत नको, नाक्यार. ता सरकारचा काम आसा.'

खाली बत्तीस निशाण्या आहेत. बायकांच्या बांगड्या सतरा, पुरुषांचे मागावरचे धोटे बारा, तिघांनी आपली नावे लिहायला शिकून घेतली, ती वेडीवाकडी आहेत पण नावे आहेत. पहिली बांगडी रखमाची, पुन्हा त्याच मोडक्या बोटांनी. मी तिला म्हटले, नाव वर नको घालूस, मागच्या वेळी काय झाले ते आठव. ती म्हणाली, वर कोणाचा तरी असूकच होया.

दयासागर नाही, न्यायमूर्ती नाही. शेवटी आभार नाहीत. मी तिला विचारले होते, निदान 'मेहेरबानी' घालू का? तिने टाक माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला.

आणि अण्णा, तुम्ही गेल्या महिन्यात कोर्टात जे केलेत, त्याबद्दल माझ्याकडून पत्राच्या शेवटी एक वाक्य यायला हवे. मी ते तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. खोडलेले दिसू नये म्हणून ताव बदलला आहे. ते वाक्य येत नाही असे नाही, चांगले येते. पण ते तुमच्या हातात पडले की तुम्ही त्याचा अर्थ घ्याल, आणि या वेळी मला तो अर्थ खरोखर म्हणायचा आहे.

तुमचा,
रघु